रंग चढवण्याची भाषा आणि उतरवण्याची

केसांना रंग लावण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कलप लावणे, मेंदी लावणे, केस काळे करणे, केस रंगवणे आणि आता सर्रास 'डाय करणे'. लावलेला काळा रंग पुन्हा काढायचा असेल, निदान काळ्याचा तपकिरी करायचा असेल, तर मात्र बोलणाऱ्याची जीभ अडखळते. कोणी 'ब्लीच करणे' म्हणते, कोणी 'लाइट करणे'. जाहिरातींना 'उजळवणे' आवडते. या तिन्ही शब्दांनी प्रत्यक्षात काय घडते याचा बोध होत नाही आणि धोका कुठे आहे हेही कळत नाही. शब्दांच्या या उणिवेचा संबंध थेट टाळूवरच्या जखमांशी आणि हातात तुटून येणाऱ्या केसांशी आहे, असे माझे म्हणणे आहे. साहित्यचर्चेच्या जागी हा विषय उपरा वाटेल याची जाणीव मला आहे. पण भाषा शिकवणाऱ्यांनी माहितीपत्रकाच्या गद्याकडे पाठ फिरवली म्हणून ते गद्य लिहायचे थांबत नाही. ते फक्त वाईट लिहिले जाते.

हा प्रश्न कोणाचा आहे ते आधी पाहू. तिशीत पहिले पांढरे केस दिसतात, काळा रंग लावायला सुरुवात होते आणि चाळिशीपर्यंत ती सवय होऊन बसते. दर तीन-चार आठवड्यांनी भांगाशी पांढरी रेघ उमटते. गडद काळ्याशेजारी ती फार ठळक दिसते, तपकिरीशेजारी तितकी दिसत नाही. म्हणून आता रंग थोडा खाली आणावा, पुढे हळूहळू सोडूनच द्यावा, असे माझ्या वयाच्या अनेकजणींना (आणि बोलून न दाखवणाऱ्या अनेकांना) वाटत असते. दुसरीकडे आमच्या विद्यार्थिनी आहेत. घरच्या लग्नाआधी काळा रंग लावलेला असतो आणि स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी त्यावर सोनेरी बटा हव्या असतात. दोघींची गरज एकच आहे. पहिलीला घाई नसते, दुसरीला असते. धोका बहुतेक वेळा या घाईतच असतो.

पांढऱ्या केसाबद्दल आपले वाङ्मय पुष्कळ बोलते. 'मी काही उन्हात केस पांढरे केले नाहीत' असे म्हणणारी माणसे अजून आहेत. 'काळ्याचे पांढरे झाले' यात आयुष्य सरल्याचा सुस्कारा आहे. पालीतील मखादेव जातकात राजाला डोक्यावर पहिला पांढरा केस दाखवला जातो आणि तो राज्य सोडून वनात जातो. 'रघुवंशा'च्या बाराव्या सर्गात कालिदासाने तर गंमतच केली आहे. कानाजवळ पिकलेल्या केसाच्या मिषाने म्हातारपण दशरथाजवळ येते आणि रामाला राज्य दे असे त्याच्या कानात कुजबुजते. कैकेयीने ऐकू नये म्हणून. तिथे पांढरा केस हेच सोंग आहे, त्याच्या आड म्हातारपण लपले आहे. आज आपण काळ्याला सोंग समजतो आणि पांढऱ्याला खरे मानतो. मुद्दा असा की काळ्याचे पांढरे कसे होते याविषयी आपल्या परंपरेत चिंतन आहे. काळ्याचे पुन्हा फिके कसे करावे याविषयी नाही. ते साहजिकही आहे. केसाच्या आत जाऊन बसणारा टिकाऊ रंग ही गेल्या सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. पॅराफिनायलिनडायअमाइन या द्रव्याच्या रंग धरण्याच्या गुणावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात काम झाले आणि १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये अजेन शुएलेर या रसायनतज्ज्ञाने केसांचे रंग तयार करून विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्याने स्थापन केलेली कंपनी म्हणजे आजची लॉरिआल. मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्याही पुष्कळ आधी, १८१८ मध्ये तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाला गवसले होते. रंग बसवण्यासाठी आणि काढण्यासाठी हेच द्रव्य वापरले जाते. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

तरीही मराठीत नेमका शब्द नाही असे नाही. तो आपण वापरत नाही, एवढेच. तो शब्द म्हणजे 'उतरवणे'. ताप चढतो आणि उतरतो, विष चढते आणि उतरवावे लागते, दारू चढते आणि आपल्या वेळेने उतरते. रंगही चढतो आणि उतरतो. चढायला क्षण पुरतो, उतरायला वेळ लागतो, आणि विष उतरवायचे तर जाणकार लागतो, हा सगळा अनुभव या क्रियापदात साठलेला आहे. 'उजळवणे' या शब्दात यातले काही नाही. त्याला कातडीच्या गोरेपणाच्या व्यापाराचा वास आहे. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये काढून तिथे 'ग्लो' आणला गेला. उजळण्याचे आश्वासन तेवढे शिल्लक राहिले. केस 'उजळवा' म्हटले की आणखी काहीतरी लावायचे आहे असे वाटते. 'उतरवा' म्हटले की आधीचे काहीतरी काढायचे आहे हे लक्षात येते.

हा फरक केवळ शब्दच्छल नाही, याचा पुरावा सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुकीत सापडतो. काळ्या रंगलेल्या केसांना तपकिरी करायचे म्हणून दुकानातून तपकिरी रंगाची डबी आणली जाते आणि काळ्यावर लावली जाते. रंगलेला भाग जसाच्या तसा काळा राहतो. मुळाशी नवीन उगवलेला, कधीच न रंगलेला बोटभर केस मात्र फिका होतो. मग डोके दुरंगी दिसते म्हणून आणखी फिकी डबी, आणखी तीव्र द्रावण, आणि तेही टाळूला भिडून. रंगाने रंग उतरत नाही, हे एक वाक्य ठाऊक असते तर यातले काहीच घडले नसते.

हे वाक्य रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळ रंगारगल्ली आहे. नाव रंगाऱ्यांचे, दुकाने आज नाना तऱ्हेची. हिमरू विणणाऱ्या या शहराला आणि पैठणी विणणाऱ्या शेजारच्या पैठणला सूत आणि रेशीम रंगवणारे हात लागत होतेच. गडद कापड फिक्या रंगाच्या पातेल्यात बुडवून फिके होत नाही, हे त्या धंद्यातले अगदी प्राथमिक ज्ञान. आधी बसलेला रंग सोडवायचा, मग दुसरा द्यायचा. आजचा रंगारी त्यासाठी 'हायड्रोस' वापरतो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. (ते कापडासाठी आहे. डोक्याला लावायचे नसते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवलेले बरे.) केसांतून रंग काढण्यासाठी मिळणारी काही द्रव्ये याच तत्त्वावर, पण पुष्कळ सौम्यपणे चालतात. टिकाऊ रंगाचे बारीक कण केसाच्या गाभ्यात शिरतात, तिथे पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मोठे झाल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. हे द्रव्य ते जोड तोडते. कण पुन्हा लहान होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. केसाच्या नैसर्गिक रंगाला ते हात लावत नाही. म्हणूनच ब्लीचपेक्षा ते कमी घातक. मात्र मागे राहिलेले लहान कण हवेतल्या प्राणवायूने पुन्हा जोडले जातात आणि केस दोन दिवसांत परत काळवंडतात. त्यासाठी लावून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे धो धो पाण्याने धुवावे लागते. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची सवय वर्षानुवर्षे लागलेल्या आपल्या शहरात ही अट साधी नाही. परदेशी चित्रफितीत ती बाई शॉवरखाली उभी असते. आपल्याकडे बादली आणि तांब्या असतो. पाण्याच्या दिवशीच हा उद्योग करावा, ही सूचना कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसलेले असतात आणि त्यामुळेही रंग असमान उतरतो, हेही नाही.

ब्लीचची गोष्ट वेगळी. ते केसांवरचे खवले उघडून आत शिरते आणि लावलेला रंग व केसाचा स्वतःचा रंग असा भेद न करता समोर येईल ते जाळते. काळ्यातून आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा असा उतार लागतो. एका बैठकीत काळ्याचे सोनेरी होत नाही. होते तेव्हा केसाचा गाभाही बराचसा गेलेला असतो. जिच्या काळ्या रंगाखाली निम्मे केस पांढरे आहेत तिला तर दोन वेगळ्या जातींच्या केसांवर एकाच वेळी काम करायचे असते. पांढऱ्यांत स्वतःचा रंग नसतोच, ते चटकन फिकट पिवळे होतात, आणि त्यांच्या शेजारचे नारिंगीवर अडतात. मुळाशी टाळूची ऊब असते, शिवाय तिथला केस कोरा असतो, म्हणून तो सर्वांत आधी फिका होतो. तेव्हा सुरुवात लांबीपासून करायची, मुळांकडे शेवटी यायचे आणि टाळूपासून बोटभर अंतर राखायचे.

आता मेंदीबद्दल, कारण आपल्याकडे खरी मेख तिथे आहे. मेंदीची पाने केसाला तांबूस रंग देतात. त्यावर निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावली की काळपट छटा येते. दोन्ही वनस्पती, दोन्ही जुन्या. पण 'काळी मेंदी' या नावाने जी पाकिटे विकली जातात त्यांत अनेकदा तेच पॅराफिनायलिनडायअमाइन असते, कारण मेंदीचे झाड काळा रंग देत नाही. 'हर्बल', 'नॅचरल', 'अमोनियाविरहित' ही विशेषणे पाकिटावर ठळक असतात आणि घटकांची यादी भिंगाने वाचावी लागते. विशेषण मोठे आणि नाम बारीक, अशी ही शैली आहे. अमोनिया नाही याचा अर्थ पॅराफिनायलिनडायअमाइन नाही असा होत नाही. काही रंगांत धातूंचे क्षार असतात. आणि आपल्या घरांत तर लोखंडी कढईच आहे. आवळकाठीची पूड आणि मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की ती काळी पडते, कारण आवळ्यातले तुरट द्रव्य लोखंडाशी जुळून काळा रंग तयार करते. हिरडा आणि लोखंडाचे पाणी वापरून कापडावर काळा रंग आणणारे जुने रंगारी हेच करत. आजीचा उपाय निसर्गाचा होता, हे खरे. तितकाच तो रसायनाचाही होता. लोह, तांबे अशा धातूंच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड फार झपाट्याने फुटते आणि त्यात उष्णता निर्माण होते. धातूचे क्षार बसलेल्या केसांवर ब्लीच लावल्यास केस डोक्यावरच तापून विरघळू शकतात. कढईतली मेंदी लावणाऱ्या प्रत्येकीचे असे होईल असे मी म्हणत नाही. पार्लरमधल्या मुलीने विचारल्यावर 'मी फक्त मेंदी लावते, केमिकल काही नाही' हे उत्तर मात्र अपुरे आहे, आणि ते प्रामाणिकपणे दिले जाते म्हणून अधिक धोक्याचे आहे. शिवाय निळीवर ब्लीच पडले की केसांवर हिरवट झाक उरू शकते, ती वेगळीच.

यावर उपाय सोपा आहे. कापून घेतलेल्या किंवा कंगव्यात आलेल्या केसांची एक लहान बट घ्यावी. काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमचे पेरॉक्साइड आणि त्यात अमोनियाचे काही थेंब, त्यात ती अर्धा तास बुडवून ठेवावी. द्रावण तापले, बुडबुडे आले, उग्र वास सुटला किंवा रंग झपाट्याने पालटला, तर त्या डोक्याला ब्लीच लावायचे नाही. काहीच झाले नाही तरी बिनधास्त व्हायचे नाही, कारण सगळेच धातू असे बोलून दाखवत नाहीत. नंतर मानेजवळच्या आतल्या एका बटेवर प्रत्यक्ष ब्लीच लावून पाहायचे. याला 'स्ट्रँड टेस्ट' म्हणतात. मी 'बट-चाचणी' म्हणते. 'बट' हा शब्द आपल्याकडे असताना दुसरीकडे जाण्याचे कारण नाही.

'व्हॉल्यूम' या शब्दाचे मात्र काय करावे? तो पार्लरच्या बोलीत रुळला आहे, त्याला हलवू नये. पण त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. एक माप द्रावणातून किती मापे प्राणवायू सुटतो तो हा आकडा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. ज्याला हा अर्थ ठाऊक नाही त्याला ४० हा आकडा वीसपेक्षा 'भारी', म्हणजे चांगला वाटतो. घरी २० च्या वर जाऊ नये, गरम हवेच्या यंत्राने काम लवकर उरकू नये आणि रंगलेल्या केसांसाठी ४० ला हात लावू नये.

आपला कायदा भाषेच्या बाबतीत आपल्यापेक्षा सावध निघाला, ही नोंद केली पाहिजे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत केसांच्या रंगांच्या वेष्टनासाठी स्वतंत्र तरतूद होती आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनीही ती ठेवली आहे. त्वचेचा दाह होऊ शकतो, आधी चाचणी करा, पापण्या किंवा भुवया रंगवू नका कारण अंधत्व येऊ शकते, हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापावा असे ती सांगते. चाचणी कशी करायची हेही आत दोन्हीकडे सांगायचे असते: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुऊन पाहायचे, आणि ही चाचणी दर वेळी, वापरण्यापूर्वी करायची. गेल्या वेळी काही झाले नाही म्हणून या वेळी होणार नाही असे नसते. पॅराफिनायलिनडायअमाइनची ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरल्यानंतरही एके दिवशी उपटते. स्थानिक भाषेची अट कायद्याने घातली. ती भाषा कळेल अशी असावी, ही अट कोण घालणार? आणि हा इशारा रंग लावण्यापुरता आहे. उतरवण्याविषयी त्यात चकार शब्द नाही.

व्यावहारिक मराठीच्या तासाला मी मुलांना घरातली अशी पत्रके आणायला सांगितले होते. पत्रलेखन, जाहिरातलेखन, वृत्तलेखन या ठरलेल्या घटकांना मुले कंटाळलेली असतात, त्यामुळे उत्साह दांडगा होता. काही पत्रकांवर मराठी होती, काहींवर हिंदीलाच स्थानिक भाषा मानलेले होते. मराठीची धाटणी साधारण अशी: 'अतिसंवेदनशीलता आढळून न आल्यास वापर सुरक्षित असल्याचे गृहीत धरण्यास हरकत नसावी.' एका वाक्यात दोन नकार, एक गृहीत, आणि कर्ता कुठेच नाही. बी.ए.च्या विद्यार्थ्याला हे दोनदा वाचावे लागले. हातमोजे घालून, रंग कालवून बसलेली बाई ते कशाला वाचेल? मग आम्ही ते वाक्य सुधारत बसलो. शेवटी फळ्यावर राहिले ते असे: 'कानामागे रंगाचा ठिपका लावा. एक दिवस थांबा. खाज, लाली किंवा सूज आली तर हा रंग कधीच लावू नका.' एका मुलीने विचारले, 'मॅडम, यात मराठी कुठे आहे?' तिच्या लेखी मराठी म्हणजे 'अतिसंवेदनशीलता'. हे आमच्या अध्यापनाचेच फळ.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट समजली. वर्गातल्या तिघीजणी संध्याकाळी पार्लरमध्ये काम करतात. त्यांपैकी एकीच्या बोटांना भेगा होत्या. तिला हातमोजे मिळतात, पण कातडीत घाम येतो आणि बट नीट पकडता येत नाही म्हणून ती ते काढून ठेवते. ब्लीचच्या भुकटीत पर्सल्फेट क्षार असतात. त्यांची धूळ श्वासात गेल्याने केशकर्तनाच्या व्यवसायातल्या लोकांना दमा जडतो, हे वैद्यकात नोंदलेले आहे. ग्राहक ते वर्षातून दोनदा लावते, ही मुलगी आठवड्यातून दहादा कालवते. तिला हे कोणी सांगितले नव्हते. डबीवर इंग्रजीत लिहिलेले होते. खिडकी उघडी ठेवावी, भुकटी चेहऱ्यापासून दूर आणि हळू ओतावी, धूळ न उडणारी भुकटी मिळते ती मागावी, या तीन वाक्यांसाठी इंग्रजीची गरज का पडावी?

माझ्या सहकाऱ्यांचे यावर दोन आक्षेप आहेत. पहिला असा की हे काम त्वचारोगतज्ज्ञांचे, मराठीच्या प्राध्यापकांचे नव्हे. काय सांगायचे ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, यात वाद नाही. कसे सांगायचे हे ठरवणारे कोणी नाही, म्हणून ते कंपनीच्या अनुवादकाकडे जाते आणि तो अनुवादक आमच्याच वर्गातून गेलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुळात रंगवावेच कशाला? पांढरे पांढरे राहू द्यावेत, म्हणजे उतरवण्याचा प्रश्नच नाही. हे म्हणणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांचे पांढरे केस व्यासंगाची खूण मानले जातात. त्याच वयाच्या बाईचे पांढरे केस पाहून 'बरे नाही का?' असे विचारले जाते. तेव्हा तिने काय करावे हे मी सांगणार नाही. ज्या बाईला पांढऱ्याकडे परत जायचे आहे तिलाही हे ज्ञान लागतेच, कारण डोक्यावर आजवरचा काळा आहे आणि तो कुठेतरी गेला पाहिजे.

मी लिहिले तर ते पत्रक असे लिहीन. आधी आठवा: केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखाली आलेल्या टोकांवर दोन-अडीच वर्षांपूर्वीचे रंगही आहेत. या काळात काय काय लावले ते कागदावर लिहा. कढईतली मेंदी, नवऱ्याची डबी वापरली असेल तर तीही. तो कागद पार्लरमध्ये न्या. टाळूला जखम, पुरळ किंवा खाज असेल तर थांबा. पूर्वी रंगाने सूज आली असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका. गडद रंग लावणे आजच बंद करा. उतरवण्याची सुरुवात न लावण्यापासून होते. टाळूला भिडणारा एकसलग रंग सोडून बारीक बटांवर काम करा, म्हणजे वाढणाऱ्या पांढऱ्यात त्या मिसळतील. दोन वेळांत काही आठवडे जाऊ द्या. टोके कापत राहा. ओली बट ओढून पाहा: रबरासारखी लांबली आणि परत आली नाही, तर पुढचे काही करू नका. आग होऊ लागली तर वेळ संपायची वाट न पाहता धुवा. लिंबू, खाण्याचा सोडा, फरशीचे ब्लीच यांपैकी काहीही डोक्याला लावू नका. पूर्ण रंग जायला वर्ष-दीड वर्ष लागेल.

शेवटचे वाक्य कुठली कंपनी छापणार नाही, हे मला कळते. पण ते छापले नाही म्हणून बाई तिसऱ्या दिवशी दुसरी डबी आणते.

यंदाच्या अंतर्गत चाचणीत मी एक प्रश्न घातला आहे: 'केसांवरचा गडद रंग उतरवण्यापूर्वी करावयाची बट-चाचणी आपल्या आईला समजेल अशा मराठीत सहा वाक्यांत लिहा. एकाही वाक्यात कर्ता लपवू नका.' दहा गुण. विभागाच्या बैठकीत तो प्रश्न मराठीचा आहे की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली; प्रश्न राहिला, गुण पाचवर आले.